दार सगळ्यात शेवटी : नवं पिल्लू घरात आणि क्रेटमध्ये रुळवताना

मंडईत क्रेट म्हणजे टोमॅटोचा प्लास्टिकचा ट्रे, आणि कुत्र्याचा क्रेट, म्हणजे त्याच्या झोपण्यासाठीचा दार असलेला तारेचा किंवा गजांचा खोका, म्हटलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "पिंजऱ्यात कोंडणार का त्या जिवाला?" त्यांचं चुकत नाही. आणल्या दिवशीच पिल्लू आत ढकलून कडी लावली तर तो पिंजराच होतो. पण कुत्र्याला आडोशाच्या जागी झोपायला आवडतं. गल्लीतली कुत्री बघा, गाडीखाली, जिन्याखाली, ओट्याच्या कोपऱ्यात, पाठ टेकेल अशा जागी मुटकुळं करून झोपतात. घरात तशीच एक जागा द्यायची आणि ती पिल्लाला आपली वाटू द्यायची, एवढंच हे काम आहे. त्यात दाराचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. बहुतेक घरांत गडबड होते ती दार पहिल्यांदा वापरल्यामुळे.

आणायचं कधी

पिल्लू ८ आठवड्यांचं पूर्ण होईपर्यंत आईजवळच राहू द्या. सहाव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू दिसायला गोंडस असतं, पण भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे ते शिकलेलं नसतं. मग ती शिकवणी तुमच्या हाता-पायांवर होते.

घरात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी यायच्या असतील, कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला भाऊबंद जमायचे असतील किंवा लग्न निघालं असेल, तर पिल्लू त्यानंतर आणा. पहिल्या आठवड्यात वीस जणांनी उचलून घेतलेलं पिल्लू झोपत नाही, आणि न झोपलेलं पिल्लू क्रेट शिकत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, हा आकडा घरातल्या लेकरांना आधीच सांगून ठेवा.

आणायचं ते सकाळी. म्हणजे रात्र पडायच्या आत त्याला अख्खा दिवस घर हुंगायला मिळतो. निदान तीन दिवस कोणीतरी पूर्ण वेळ घरी हवं. जिथून आणता तिथून दोन गोष्टी मागून घ्या: ते जे खात होतं तेच चार दिवसांचं खाणं, आणि आईच्या अंथरुणाचा एक तुकडा. तो तुकडा धुऊ नका.

माप आणि बनावट

क्रेट एवढा हवा की कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता यावं, गोल फिरता यावं, पाय ताणून आडवं होता यावं. यापेक्षा मोठा घेतला की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. झोपायची जागा घाण न करण्याची उपजत ओढ आपल्याला वापरायची आहे, आणि जागा ऐसपैस झाली की तीच बिनकामाची होते. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडोरला लांबीला साधारण ४२ इंची, आपल्या गावठी कुत्र्याला ३६, बीगलला ३०, पॉमेरियनला २४ इंची लागतो. दर दोन महिन्यांनी नवा क्रेट कोण घेणार? म्हणून मोठ्या मापाचाच, पण मध्ये सरकती जाळी असलेला घ्या आणि पिल्लू वाढेल तशी जाळी मागे सरकवा.

वेल्डिंगवाल्याकडून करून घेत असाल तर तीन गोष्टी बघा. दोन गजांमधलं अंतर एका इंचापेक्षा जास्त नको, लहान जातीला त्याहून कमी; डोकं अडकून पिल्लं मरतात. वेल्डिंगचे सगळे खडे आतून कानशीने घासून घ्या, बोट फिरवून तपासा. आणि ऑइलपेंट मारला असेल तर आठ-दहा दिवस उघड्यावर वाळू द्या, कारण पिल्लू तो गज पहिल्याच दिवशी चावणार. तळाला नुसती जाळी नको, प्लायवूड किंवा रबरी मॅट टाका.

आत अंथरायला जुनी सुती साडी किंवा पातळ गोधडी. धागे निघालेलं काही नको. गिळलेला चिंधीचा तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय निघत नाही. आपलं पिल्लू कापड फाडून खाणारं निघालं तर काही दिवस नुसती रबरी मॅट पुरते.

जागा : खानदेशात अर्धं यश इथेच

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ ला जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच गार होतो. म्हणून क्रेट कुठे ठेवता हे इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचं. पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते, ती बाद. स्लॅबखालची वरच्या मजल्याची खोली दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, तीही नको. तळमजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली निवडा. जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही.

क्रेटवर चादर टाकायची ती वरून आणि दोन बाजूंनी. समोरची आणि कुलरच्या दिशेची बाजू उघडी राहिली पाहिजे.

आता कुलर. लोखंडी कुलरला बॉडी करंट येतो हे इथे कुणाला सांगायला नको. तारेचा किंवा गजांचा क्रेट त्या कुलरला टेकला तर क्रेटमध्येही करंट उतरतो, आणि आतल्या पिल्लाला पळायला जागा नसते. क्रेट कुलरपासून निदान तीन-चार फूट लांब, जमीन कोरडी, आणि वायर पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही अशी वरून नेलेली. कुलरसमोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत दमट हवा कोंडली की धापा टाकूनही कुत्रा गार होत नाही. दुपारी वीज जाते त्या गावात क्रेट बंद करून बाहेर जाऊच नका. पिल्लू सतत जोरात धापतंय, हिरड्या लालभडक झाल्यात, लाळ चिकट झालीय, पाय लटपटतात, हे दिसलं की नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंख्यासमोर धरा आणि तसंच डॉक्टरकडे न्या. घरी बसून वाट बघायची वेळ नसते.

उन्हाळ्यात घरचे गच्चीवर झोपायला जातात आणि पिल्लू खाली एकटं राहतं. रडण्याच्या तक्रारींतल्या बऱ्याच इथूनच सुरू होतात. पहिले पंधरा दिवस एकाने खालीच झोपावं. नाहीतर क्रेट रात्री वर न्यावा आणि ऊन चढायच्या आत खाली आणावा. गच्चीवर मोकळं सोडून झोपू नका, कठड्याच्या जाळीतून पिल्लू निसटतं. डिसेंबर-जानेवारीत उलटं: धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा क्रेट फरशीवरून उचलून पाटावर ठेवा आणि एक गोधडी जास्त द्या.

पहिला दिवस

घरात आणायच्या आधी शू करायच्या ठरलेल्या जागी उतरवा. ही जागा परसदारी किंवा अंगणात हवी, जिथे गल्लीची कुत्री येत नाहीत. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर चालवायचं नाही, हवं तर कडेवर घेऊन जग दाखवा. लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी बूस्टर देत साधारण १६ व्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची १२ आठवड्यांनंतर. नेमकं वेळापत्रक आणि जंताचं औषध तुमचे पशुवैद्यक ठरवतील. गोठ्यातल्या जनावरांचं गोचिडांचं औषध मात्र अंदाजाने पिल्लाला लावू नका, त्या मात्रेत विषबाधा होते.

क्रेट खोलीत उघडा ठेवा. दार मागे वळवून सुतळीने बांधून टाका. हलणारं दार पाठीवर आपटलं तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाते. आत आईच्या अंथरुणाचा तुकडा. पिल्लाला आत टाकू नका, बोलावू नका, त्याच्याकडे बघतही बसू नका. ते खेळत असताना गुपचूप आत त्याच्या खाण्याचे चार दाणे टाकून ठेवा. तासाभराने ते आपणच शोधून काढतं. परत टाका.

शब्दांचं आधी ठरवा. आजी म्हणते "आठे ये", वडील म्हणतात "इकडे ये", पोरगा म्हणतो "कम". पिल्लाला या तिन्हींत काही साम्य ऐकू येत नाही. क्रेटसाठी एकच शब्द: "जागेवर" चालेल, अहिराणीत काही ठरवलं तरी चालेल, पण घरभर तोच. रागवताना तो शब्द कधीच वापरायचा नाही.

दारापर्यंतच्या पायऱ्या

बक्षीस म्हणून त्याच्या रोजच्या जेवणातलेच दाणे, किंवा मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. दिवसातून पाच-सहा वेळा, एका वेळी तीन मिनिटं. दरवेळी शू झाल्यावर आणि थोडं दमल्यावर.

१. तुकडा दाराच्या उंबऱ्यापाशी, मग आत वीतभर, मग पार मागच्या भिंतीशी. पिल्लू आत गेलं, खाल्लं, बाहेर आलं. दार बांधलेलंच. न कचरता दहा वेळा आत जाईपर्यंत इथेच थांबा.

२. सगळी जेवणं आत. या वयात दिवसातून चार वेळा जेवण, म्हणजे चार फुकटच्या शिकवण्या. ताटली आधी दाराशी, मग प्रत्येक जेवणाला थोडी मागे.

३. आता शब्द. पिल्लू आत पाऊल टाकतंय तेवढ्यात "जागेवर" म्हणा. शब्द आधी आणि ओढणं नंतर असं करू नका.

४. खाताना दार लोटा, कडी नको. खाणं संपायच्या आत उघडा. त्याला दार लागल्याचं कळलंही नाही तर उत्तम.

५. कडी. ५ सेकंद, १० सेकंद, ५ सेकंद, २० सेकंद. सलग वाढवत गेलात तर पिल्लाला कळतं की प्रत्येक वेळ आधीपेक्षा वाईट असते, म्हणून मधूनमधून सोपी वेळ द्या. बंद दारातून तुकडे आत देत राहा.

६. एक मिनिट, मग पाच, तुम्ही शेजारी बसून भाजी निवडताय. मग दहा, तुम्ही खोलीत ये-जा करताय.

७. तुम्ही दिसेनासे होता. इथे वेळ परत १० सेकंदांवर आणा. नजरेआड होणं ही पिल्लाच्या हिशोबी नवी परीक्षा आहे. जुन्या वेळेत तिची भर घालू नका.

८. अर्धा तास. बहुतेक पिल्लं इथे झोपून जातात.

काही पिल्लं हे सगळं चार दिवसांत करतात, काहींना तीन आठवडे लागतात. एखाद्या पायरीवर कुईकुई सुरू झाली तर आधीच्या पायरीवर जा. दोन पायऱ्या मागे गेलात तरी बिघडत नाही. आत ठेवताना गळ्यातला पट्टा दरवेळी काढा, तो गजात अडकून फास बसतो.

रात्र

पायऱ्या पूर्ण व्हायच्या आधीच पहिली रात्र उजाडते, ही खरी पंचाईत. त्या रात्री क्रेट तुमच्या अंथरुणाला लागून, हात लांब केला की पोचेल इतक्या जवळ. पिल्लू काल रात्रीपर्यंत पाच-सहा भावंडांच्या उबेत झोपत होतं. आज त्याला फक्त कुणीतरी जवळ असल्याची खात्री हवी असते. गजातून दोन बोटं आत सोडा, पुरतं. दार लावल्यावर फारच घाबरत असेल तर दार उघडंच ठेवा आणि क्रेटसकट तेवढा कोपरा पाट लावून अडवून घ्या.

जेवण आठच्या आत. साडेदहाला शेवटची शू. दोन महिन्यांचं पिल्लू रात्री साधारण तीन तास धरू शकतं, म्हणून गजर दीडचा आणि साडेचारचा. ते रडायच्या आधी तुम्ही उठायचं, म्हणजे रडलं की दार उघडतं हा धडा त्याला मिळतच नाही. कडेवर उचला, चालत नेलं तर वाटेतच बसेल. मोठा दिवा नको, लाड नको, शू झाली की हळूच "शाब्बास" आणि परत आत. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर वीस मिनिटांनी पुढे ढकला. पुस्तकी सल्ला रात्री नऊनंतर पाणी काढून घ्यायचा असतो. एप्रिल-मेमध्ये इथे तसं करू नका. क्रेटच्या गजाला अडकवायचा छोटा वाडगा लावा, थोडी जास्त शू झाली तरी चालेल.

रडण्याचे प्रकार ओळखा. झोपेतून उठून अचानक कुईकुई आणि वळवळ म्हणजे शू किंवा शी. शेवटची शू होऊन तासाभराहून जास्त झाला असेल तर विचार न करता बाहेर न्या. दहा मिनिटांपूर्वीच जाऊन आलंय, पोट भरलंय आणि तरी भुंकतंय, तर ती तक्रार आहे. क्षणभर थांबण्याची वाट बघा, तीन-चार सेकंद शांत झालं की मगच दार उघडा किंवा बोला. पण लाळ गळतेय, गज चावून तोंडातून रक्त येतंय, अंग थरथरतंय, ती भीती आहे. तिथे "रडू दे, थकेल" हा सल्ला मानू नका. लगेच बाहेर काढा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून सुरू करा. क्रेटवर थापा मारणं, पाणी शिंपडणं याने फक्त क्रेटचीच भीती बसते.

रात्री कुत्रं रडणं अपशकुन म्हणून शेजारच्या ओट्यावरून निरोप येतो तेव्हा वाद घालू नका. आणण्याच्या आधीच दोन्ही बाजूंच्या घरांत सांगून ठेवलं, "आठवडाभर त्रास होईल," की पुढचे निरोप मवाळ येतात.

दिवसा किती वेळ

एक ढोबळ हिशोब: वय जितके महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास ही शेवटची मर्यादा. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. ही मर्यादा आहे, रोजचं माप नव्हे. जागेपणी ते तासाभरातच शू करतं. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त नको. नवरा-बायको दोघं नऊ ते सहा नोकरीला आणि घरात कोणी नाही, अशा घरात क्रेट हा उपाय नाही. दुपारी येऊन बाहेर नेणारं माणूस लागेल.

तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, असा फेरा ठेवा. संध्याकाळी सातच्या सुमारास पिल्लू वेड्यासारखं पळतं, पायजम्याला लोंबकळतं, ते बहुतेकदा झोप न झाल्यामुळे. तेव्हा शू करवून शांतपणे "जागेवर". रागाने उचलून आत टाकलं तर तीच कृती शिक्षा होते.

बिघडतं कुठे

सगळ्यात नेहमीची चूक: तुम्ही बाहेर जातानाच पिल्लू आत. चौथ्या दिवशी चप्पल घातल्याचा आवाज आला की ते पलंगाखाली. दिवसातून तीन-चार वेळा तुम्ही घरात असतानाही त्याला आत झोपवा.

दुसरी, आत शू होत राहणं. आधी जागा मोठी आहे का बघा, मग बाहेर नेण्याच्या वेळा मोजा. तरीही थांबत नसेल, थेंबथेंब होत असेल किंवा जुलाब असतील तर डॉक्टर. घाणेरड्या पिंजऱ्यात वाढवून विकलेल्या पिल्लांची अंथरूण कोरडं ठेवायची सवयच मोडलेली असते. त्यांना काही आठवडे दर पाऊण तासाने बाहेर काढावं लागतं आणि अंथरूण रोज धुवावं लागतं. आत वर्तमानपत्र टाकू नका, ते इथेच कर असं सांगणं होतं. पुसायला फिनाईल नको, त्यातलं फिनॉल पिल्लाला घातक ठरू शकतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, वास गेला पाहिजे. वास राहिला की जागा ठरली.

तिसरी खाण्याची. दूध-भाकरी ही मायेने दिली जाते, पण गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात आणि मग रात्रीचा सगळा हिशोब कोलमडतो. खाणं बदलायचं तर सात दिवसांत, जुन्यात थोडं-थोडं नवं मिसळत. शेवभाजीचा रस्सा, भरीत, कांदा-लसूण घातलेलं काहीही बंद. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुके आणि चॉकलेटही नको. केळ्याचा एखादा काप बक्षीस म्हणून चालतो, केळीच्या मुलखात तेवढं तरी हवंच. जेवण झालं की ताटली लगेच उचला. नाहीतर मुंगळे लागतात, आणि नाकाला मुंगळा चावलेलं पिल्लू त्या क्रेटमध्ये पुन्हा सहज जात नाही.

लेकरांसाठी एकच नियम: पिल्लू आत असताना हात आत घालायचा नाही, आणि स्वतः आत जाऊन बसायचं नाही.

दार कधी काढायचं

वर्षाचं झालं, सलग दोन महिने घरात शू नाही, चपला-वायरी शाबूत, तर रात्री दार उघडं ठेवून बघा. आधी एका खोलीपुरतं, मग घरभर. क्रेट मात्र काढू नका. दिवाळीच्या फटाक्यांत, वरातीचा बँड दारावरून जाताना, पाहुण्यांच्या गर्दीत कुत्रा आपणहून तिथे जाऊन बसतो. त्या वेळी चादर उघड्या बाजूंनीही अर्धी खाली सोडा, हवा येईल एवढी फट ठेवा आणि दार पहिल्या दिवशीसारखंच सुतळीने मागे बांधून ठेवा.